पहिली खाच डावी

विहिरीकडच्या माडावर एकोणतीस खाचा आहेत.
लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा मोजल्या,
नारळ काढायचं निमित्त करून.
अर्ध्यावरच थांबलो,
उरलेल्या खाली येऊन मोजल्या.
पहिली खाच डाव्या पायाची.
तिथून पुढे प्रत्येक
माझ्या ढांगेपेक्षा चार बोटं लांब.

उत्तम मयेकर उंच होता, डावखुरा होता,
हे मला कुणी सांगावं लागलं नाही.
जागा सुगंधाच्या आईची, घर त्याच्या हातचं.
दाराची कडी डावीकडे सरकते.
कोयतीची धार नको त्या अंगाला.
रहाटाचा दांडा, मोरीतली फळी, कंदिलाचा खिळा,
सगळं माझ्या खांद्याच्या वर आणि पलीकडे.
नऊ वर्षं झाली, अजून रात्री वीज आली
की माझा उजवा हात
रिकाम्या भिंतीवर बटण शोधतो.

तो मेलेला नाही.
मेला असता तर फोटोला हार घातला असता,
वर्षातून एकदा पान वाढून
कावळा शिवेपर्यंत हात जोडून उभा राहिलो असतो.
तो मडगावला असतो, गॅरेज आहे.
जत्रेला आचऱ्यात येतो तेव्हा
खाज्याच्या दुकानाशी लांबूनच दिसतो. उंच.
मान हलवतो. मीही हलवतो.
एकाच विहिरीच्या पाण्याची चव माहीत असलेली
दोन माणसं आणखी काय करणार.

सुगंधाने कधी डावं-उजवं केलं नाही.
खरंच नाही.
तिच्या तोंडून त्याचं नाव मी तीनदा ऐकलं.
एकदा घरपट्टीच्या कागदावर सही करताना.
एकदा तापात.
एकदा बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं जास्त पडली तेव्हा.
"उत्तमाक असाच आवडायचा," म्हणाली
आणि जीभ चावली.
मी दोनदा वाढून घेतलं.
का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

वाडीत मी अजून "सुगंधाचो नवो घोव".
या खाऱ्या हवेत
दोन पावसात खिडकीच्या गजांचे पापुद्रे सुटतात.
नऊ वर्षं नवा राहिलेला
मी एकटाच.

एकदा खाचा बुजवायला निघालो होतो.
सिमेंट कालवलं, थापी आणली.
जानू पेडणेकर बांधावरून बघत होते, विडी विझेपर्यंत.
मग म्हणाले,
"आंब्याची जखम भरता, फणसाची भरता.
माडाची भरना नाय रे, तेका साल खंय आसा?
आणि तो खालसून वाढना नाय.
खाच जंय मारलंस, थंयच रवतली."

कालवलेलं सिमेंट चुलीच्या ओट्याला लावलं.

आता पाय सरावलेत.
एसटीत चढताना, तरीच्या फळीवर,
देवळाच्या पायरीवरसुद्धा
माझा डावाच आधी पडतो.
कुणाच्या लक्षात येत नाही.

काल चढलो.
सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.
तिथे त्याचं संपतं.
वर माड वाढलाय तो तो गेल्यावरचा,
दोन पुरुष उंच.
दरसाल एक-दोन करत तिथे मी माझ्या खाचा घातल्या आहेत,
वेड्यावाकड्या, एकीला एक लागून,
घाबरलेल्या माणसाच्या.
खालून दिसत नाहीत, अशी माझी समजूत होती.

"एकोणतिसाच्या वर जपान," सुगंधा खालून ओरडली.
"थंय तुझी ढांग बारीक आसा."

मी खाली बघितलं नाही.
झावळीतून खाडीचं तोंड दिसत होतं,
एक होडी वाळूच्या दांड्याला वळसा घालत होती.
डाव्या हाताने खोड धरलं.
कोयतीची धार अजून नको त्याच अंगाला,
एकेका देठाला तीन-तीन घाव लागले.

नारळ पडत होते.
खालून ती मोजत होती.